एकास सत्त्याऐंशी

जॉन अ‍ॅलन ६ जानेवारी १९७३ रोजी गेला. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या आपल्या घराखाली त्यानं वीसेक वर्षं खपून एक अख्खी रेल्वे उभी केली होती. जमिनीपासून छताकडे चढत गेलेले डोंगर, दऱ्यांवरचे लाकडी पूल, कड्याला चिकटून बसलेली गावं, गंजक्या पत्र्यांचे कारखाने, आणि या सगळ्यातून वळणं घेत धावणाऱ्या, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढ्या गाड्या. नाव ‘गोरी अँड डिफीटेड रेलरोड’. यार्डात डबे ढकलायला त्यानं एका छोट्या इंजिनाच्या जागी चक्क एक डायनोसॉर ठेवला होता आणि त्याचं नाव होतं एमा. अ‍ॅलनच्या मृत्यूनंतर दहाच दिवसांनी त्या घराला आग लागली आणि ही रेल्वे जवळजवळ सगळी जळून गेली.

तरीही तिचे पूल, तिची स्थानकं, तिच्या गंजलेल्या डब्यांच्या कडा आज जगभरातल्या शौकिनांना तोंडपाठ आहेत. अ‍ॅलन पेशानं छायाचित्रकार होता. त्यानं काढलेले फोटो आणि त्यानं लिहिलेले लेख अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातून निघणाऱ्या ‘मॉडेल रेलरोडर’ या मासिकात वर्षानुवर्षं छापून येत होते. मासिकाचा संपादक लिन वेस्टकॉट निवृत्तीनंतर अ‍ॅलनच्या या रेल्वेवर पुस्तक लिहीत होता. १९८० मध्ये तोही गेला. पुस्तक पुढल्या वर्षी आलं. म्हणजे रेल्वे नाही, ती बांधणारा नाही, तिच्यावर लिहिणाराही नाही, पण ती रेल्वे कशी बांधली हे मात्र कुणालाही आज वाचता येतं. या छंदातल्या बहुतेक निर्मितीचं असंच होतं. माणूस आयुष्यभर तळघरात रूळ टाकतो, आणि त्याच्या पश्चात घर विकायला निघालं की मुलं आठवडाभरात सगळं मोडून बाहेर काढतात. मासिकात छापून आलं तेवढंच मागे राहतं. म्हणून अशा मासिकाचे दिवस फिरले की मला त्याकडे धंद्यातली एक बातमी म्हणून बघता येत नाही.

‘मॉडेल रेलरोडर’चा पहिला अंक जानेवारी १९३४ चा. काढणारा अल् काल्मबाख तेव्हा तेविशीत होता आणि त्याचा स्वतःचा लहानसा छपाईचा उद्योग होता. मुहूर्त वाईट म्हणावा तितका वाईट. महामंदीनं अमेरिकेतल्या साधारण दर चार कामगारांमागे एकाला घरी बसवलं होतं. अशा वेळी प्रौढ माणसांच्या खेळण्यातल्या गाड्यांवर मासिक काढायचं, तेही ‘द मॉडेल क्राफ्ट्समन’ हे मासिक आदल्याच वर्षी बाजारात आलेलं असताना! ते मासिक सगळ्याच प्रकारच्या प्रतिकृतींवर होतं. पुढे तेही रेल्वेकडेच वळलं आणि ‘रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन’ झालं. काल्मबाखनं मात्र पहिल्या दिवसापासून एकच विषय धरला. बायकोच्या मदतीनं घरीच घड्या घालून अंक तयार करायचे आणि टपालात टाकायचे, असा तो संसार होता.

मंदी एका अर्थानं या छंदाच्या पथ्यावर पडली असं मला वाटतं. हातात वेळ होता, पैसा नव्हता आणि दुकानात फारसं काही तयार मिळत नव्हतं. ज्याला खऱ्यासारखं इंजिन हवं, त्यानं ते पितळेच्या पत्र्यातून कापायचं, डाग देऊन जोडायचं. डबे पुठ्ठ्याचे आणि लाकडाचे. कसं करायचं हे सांगणारं कुणीतरी हवं होतं, आणि ज्याला जमलं त्याला ते सांगायला जागा हवी होती. मासिक उभं राहिलं ते या दोन गरजांवर. लिहिणारे बहुतेक वाचकच होते: कुणी दंतवैद्य, कुणी लोहारकाम करणारा, कुणी शिक्षक. संपादकाचं काम त्यांचं लिखाण नीट करणं, आकृत्या नव्यानं काढून घेणं आणि सांगितलेली रीत खरोखर चालते का हे पाहणं.

एक अडचण मात्र कुणा एका वाचकाच्या हातानं सुटणारी नव्हती. एका उत्पादकाच्या चाकाची कड जाड, तर दुसऱ्याच्या रुळाची फट अरुंद. एकाचा डबा दुसऱ्याच्या सांध्यावर हमखास घसरायचा. १९३५ मध्ये मिलवॉकीतच क्लबांचे लोक, उत्पादक आणि प्रकाशक एकत्र जमले आणि ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ स्थापन झाली. काल्मबाखचा त्यात पुढाकार होता. रुळांमधलं अंतर, चाकाच्या कडेची जाडी, सांध्यातल्या फटी या सगळ्यांची मापं ठरली, आणि ती तपासायला पत्र्याची एक चपटी मापपट्टी निघाली. खाच बसली तर चाक बरोबर. पुढे डब्याच्या वजनाचीही शिफारस आली: एचओ, म्हणजे एकास सत्त्याऐंशी, मापाच्या डब्याला सुरुवातीचे साधारण २८ ग्रॅम आणि मग लांबीच्या दर इंचामागे १४ ग्रॅम. हलका डबा वळणावर आतल्या बाजूला कलंडतो, हे ज्यानं लांब मालगाडी वळणावरून ओढून पाहिली आहे त्याला ठाऊक असतं. या मापांमुळेच ओहायोत केलेला डबा ओरेगॉनमधल्या अनोळखी माणसाच्या रुळांवरून धावू शकला. ही मापं घरोघरी पोचवली मासिकानं.

त्या मापांचा हात पुण्यापर्यंत पोचलेला आहे. कोथरूडमध्ये बी. एस. जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. शाळेच्या सहली तिथं येतात, मुलं कठड्याला नाक लावून उभी राहतात. तिथल्या गाड्या याच एचओ मापाच्या. या मापात रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, कारण अमेरिका आणि युरोपातल्या खऱ्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला सत्त्याऐंशीनं भागलं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. तेव्हा कुणी डेक्कन क्वीन अचूक मापात करून बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळांवर ठेवली, तर ती आपल्या खऱ्या रुळांपेक्षा अरुंद रुळांवर उभी राहते, आणि समोरून पाहिलं की अंगापेक्षा पाय जवळ आल्यासारखे दिसतात. सव्वाएकोणीसचे रूळ स्वतः ठोकायचे की डोळेझाक करायची, हा भारतीय शौकिनाचा कायमचा पेच आहे.

मासिकाचा खरा बहर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाला आणि पुढे तीन-चार दशकं टिकला. १९४४ मध्ये फ्रँक एलिसन यानं एक लेखमाला लिहिली. त्याचं म्हणणं असं की मॉडेल रेल्वे हे नाटक आहे: डोंगर-गावं हे नेपथ्य, गाड्या ही पात्रं, आणि वेळापत्रक हे कथानक. गाडी नुसती गोल गोल फिरवायची हा तोवर बहुतेकांचा खेळ होता. एलिसननं विचारलं की ही गाडी निघाली कुठून, चालली कुठे, आणि तिच्यात आहे काय?

या प्रश्नाचं सर्वांत सुरेख उत्तर १९६१ च्या डिसेंबर अंकात डग स्मिथ यानं दिलं, आणि ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. प्रत्येक डब्यासाठी एक पुठ्ठ्याचं कार्ड करायचं. त्यावर डब्याचा क्रमांक, रंग, प्रकार. कार्डाला खालच्या बाजूला खिसा. खिशात एक चिठ्ठी: अमुक खाणीतून कोळसा, तमुक वीजकेंद्राला. गाडी यार्डात आली की चालवणारा कार्डांची चळत हातात घेतो, चिठ्ठ्या वाचतो आणि त्याप्रमाणे डबे तोडतो, जोडतो, बाजूच्या रुळावर नेऊन लावतो. रिकामा झालेला डबा परत पाठवायचा, म्हणून चिठ्ठी बदलायची. संध्याकाळी चार मित्र तळघरात जमतात, एक जण नियंत्रक होतो, दोघं मालगाड्या घेतात, एक यार्ड सांभाळतो, आणि तीन तास कुणी एक शब्द वायफळ बोलत नाही. कारण आठ वाजताची सवारी गाडी येण्याआधी मुख्य मार्ग मोकळा करायचा असतो. पुठ्ठा, कात्री आणि पेन यांच्या जोरावर खेळण्याचं काम झालं. जॉन आर्मस्ट्राँग यानं रुळांची आखणी हा स्वतंत्र विषय केला: कुठल्या वळणाला किती जागा लागते, छोट्या खोलीत माणसानं उभं कुठे राहायचं, रुळाचा शेवट भिंतीआड कसा लपवायचा. त्याची आखणीची पुस्तकं आजही वापरात आहेत.

वेस्टकॉट १९६१ पासून १९७७ पर्यंत संपादक होता आणि त्याच्याइतका हातानं काम करणारा संपादक मासिकाला पुन्हा लाभला असं मला वाटत नाही. लाकडाच्या पट्ट्यांची इंग्रजी ‘एल’ आकाराची तुळई करून त्यावर रेल्वे कशी उभारायची, डोंगर हलके आणि टणक कसे करायचे, हे त्यानं करून, फोटो काढून, पायरीपायरीनं सांगितलं. त्याची डोंगराची रीत वाचताना दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. आपण दगड-विटा रचतो, चिखलात बुडवलेलं गोणपाट त्यावर पांघरतो, वरून माती चाळतो, अळीव पेरतो. वेस्टकॉटनं विटांच्या जागी चुरगळलेले वर्तमानपत्राचे बोळे घेतले, गोणपाटाच्या जागी कागदी टॉवेल आणि चिखलाच्या जागी पातळ, पण वाळल्यावर दगडासारखं होणारं प्लास्टर. टॉवेल बुडवायचा, बोळ्यांवर टाकायचा, वाळला की खालून बोळे ओढून काढायचे. आत पोकळ, वर कवच. मग कोरड्या प्लास्टरच्या भुकटीत रंग मिसळायचा, ओल्या पृष्ठभागावर गाळणीतून भुरभुरवायचा, फवारा मारायचा. तासाभरात डोंगर मातीच्या रंगाचा. १९६० च्या दशकातली ही रीत पुढच्या पिढ्यांनी आपापल्या सोयीनं बदलली, पण तिच्यावाचून झालेला जुना लेआउट, म्हणजे मांडलेली लघुरेल्वे, क्वचितच सापडेल.

वाचकांवर मासिकाचा केवढा भरवसा होता हे १९७९ च्या डिसेंबरपासून दिसलं. एका रुळावर दोन इंजिनं स्वतंत्रपणे चालवायची तर तोवर रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळी वीज आणि बटणं लागत. कीथ गुटिएरेझ यानं इलेक्ट्रॉनिक्सवर चालणाऱ्या नियंत्रणाची, ‘सीटीसी-१६’ या नावानं, लेखमाला सुरू केली. विद्युतमंडलाचे नकाशे, सुट्या भागांची यादी, तपासणीची रीत, सगळं छापलं. वाचकांनी हातात डाग देण्याची कांडी घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर आपापले नियंत्रक तयार केले. पुढे १९९० च्या दशकात जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या तंत्रावर आधारलेलं डिजिटल नियंत्रणाचं मानक असोसिएशननं स्वीकारलं आणि आज तेच जगभर चालतं. पण असं नियंत्रण घरी बनवता येतं हा धीर आधी मासिकानं दिला होता.

१९९० च्या दशकाच्या आरंभी खप अडीच लाखांच्या पुढे गेला. अंक जाडजूड झाले, मागची कितीतरी पानं टपालानं माल पाठवणाऱ्या दुकानांच्या बारीक टायपातल्या दरपत्रकांनी भरलेली असत. काल्मबाख कंपनी १९८९ मध्ये मिलवॉकीहून जवळच्या वॉकेशाला मोठ्या जागेत गेली. कर्मचाऱ्यांचा स्वतःचा लेआउटही तिथं होता. तो कळस होता, आणि उतार तिथूनच लागला.

उताराचं कारण विचारलं की सगळे इंटरनेटकडे बोट दाखवतात. ते अर्धं खरं आहे. दुकानांची दरपत्रकं तिकडे गेली आणि त्यांच्यासोबत जाहिरातीचा पैसा गेला. २००९ पासून ‘मॉडेल रेलरोड हॉबीइस्ट’ हे मासिक संगणकावर फुकट मिळू लागलं. व्हिडिओत प्लास्टर कालवणारे हात दिसतात, मग दहा पानं कोण वाचणार? वाफेची इंजिनं अमेरिकेच्या रुळांवरून १९६० पर्यंत जवळपास गेलीच होती, आणि १९७१ मध्ये बहुतेक लांब पल्ल्याच्या सवारी गाड्या अ‍ॅमट्रॅक या सरकारी कंपनीच्या हवाली झाल्यावर फलाटावर बापाचं बोट धरून गाडी बघणारी पोरंही आटली. हे सगळं मान्य करूनही माझं मत वेगळं आहे. मासिकाला सगळ्यात खोल जखम केली ती तयार मालानं.

अ‍ॅथर्न या कंपनीचे निळ्या खोक्यातले डबे एका पिढीनं जोडले. खोक्यात प्लास्टिकचा सांगाडा, बूड, लोखंडी वजनाची पट्टी, चाकं, चार-दोन स्क्रू. अर्ध्या तासात डबा उभा राहायचा, पण तेवढ्यात पोराला कळायचं की वजन कुठे बसतं, चाक कशावर फिरतं, आणि मग तो त्याच डब्याला शिडी बदलायला, रंग खरवडायला लागायचा. नव्वदीनंतर चीनमध्ये उत्पादन गेलं आणि पूर्ण तयार, रंगवलेला, आतला आवाजसुद्धा खऱ्या इंजिनासारखा असलेला माल थेट खोक्यातून रुळावर येऊ लागला. तो अप्रतिम असतो. जॉन अ‍ॅलनलाही तसला बारकावा साधला नसता. पण तो जोडायचा नसतो, विकत घ्यायचा असतो. आणि विकत घेणाऱ्याला ‘कसं करावं’ हे सांगणाऱ्या मासिकाची गरज नसते, त्याला परीक्षण पुरतं. मासिकानंही गिऱ्हाईक बदललं तसे लेख बदलले. गुटिएरेझसारखी घरी बनवायची मोठी लेखमाला आज छापायला धजणं अवघड, कारण ती करून बघणारे वाचक हजारांत सापडतील की नाही, अशी धास्ती.

पडझड एकट्या ‘मॉडेल रेलरोडर’ची नव्हती. ‘रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन’ काढणारी न्यू जर्सीतली कार्स्टन्स पब्लिकेशन्स ऑगस्ट २०१४ मध्ये एकाएकी बंद झाली. मिसुरीतल्या व्हाइट रिव्हर प्रॉडक्शन्सनं ते मासिक विकत घेऊन पुन्हा सुरू केलं, आणि माझ्या मते त्यानंतर ते अधिक नेटकं झालं. १ मे २०२४ ला काल्मबाख कंपनीनं ‘मॉडेल रेलरोडर’, ‘ट्रेन्स’ आणि इतर काही नियतकालिकं टेनेसीतल्या फायरक्राउन मीडियाला विकल्याची बातमी आली. मासिकाला तेव्हा नव्वद वर्षं पूर्ण झाली होती. खप तोवर जुन्या कळसाच्या निम्म्याहूनही खाली उतरलेला होता. अंक निघतो आहे, लेख येताहेत, जुन्या अंकांचा संग्रह डिजिटल रूपात वाचायला मिळतो. पण ज्या गावात असोसिएशन जन्मली, जिथे वॉल्थर्स या मॉडेल रेल्वेचा माल विकणाऱ्या कंपनीची दुकानदारी १९३२ पासून चालली, त्या मिलवॉकीच्या पंचक्रोशीतल्या मालकीतून मासिक बाहेर पडलं, याचं वाईट वाटणारी माणसं बरीच आहेत आणि मी त्यांतला एक आहे.

ब्रिटनमध्ये ‘रेल्वे मॉडेलर’ १९४९ पासून निघतं आणि ते पिको या रूळ बनवणाऱ्या कंपनीच्या कुटुंबातलं आहे. तिथं मासिक रूळ विकतं आणि रूळ मासिक पोसतात. दुकानांचं मात्र तिथंही बरं नाही. लिव्हरपूलच्या परिसरातलं हॅटन्स हे जुनं दुकान २०२४ मध्ये बंद झालं.

हे सगळं वाचताना मला पुन्हा पुन्हा आपल्याकडची स्थिती आठवते, आणि ती निराश करत नाही. १९३४ साली अमेरिकेत जी अवस्था होती तीच आज आपल्या शौकिनाची आहे. भारतीय गाड्यांची तयार मॉडेलं थोडी, ती महाग. परदेशातून मागवावीत तर खेळण्यांवरचा आयात कर २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेला आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. हौस आहे, हात आहेत, वस्तू नाही. पुण्या-मुंबईत, नागपुरात, भुसावळच्या रेल्वे वसाहतीत गच्चीवरच्या खोलीत कुणी ना कुणी पुठ्ठा कापत बसलेला असणार, आणि त्यानं शोधलेली युक्ती पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला कळायची सोय नाही. डेक्कन क्वीनचा डबा मोबाइलवर दाखवणं वेगळं. त्याच्या खिडक्यांची मापं, छताची वळी, वजन कुठे ठेवलं, पहिल्या खेपेला काय बिघडलं, हे क्रमानं लिहून, तपासून, नकाशासकट छापणं वेगळं.

उदाहरणच द्यायचं तर बोरघाट घ्या. अमेरिकन शौकिनांना डोंगराळ मार्ग आणि मागून रेटा देणारी इंजिनं यांचं वेड आहे. दशकानुदशकं मासिकांनी त्यावर लिहिलं. आपल्याकडे कर्जत ते लोणावळा हा जगात कुठेही शोभेल असा विषय पायाशी पडलेला आहे. कर्जतला गाडी थांबते, मागे बँकर इंजिनं लागतात, फलाटावर वडे खाल्ले जातात, आणि गाडी १:३७ च्या चढाला लागते. मध्ये बोगदे, खोल दऱ्या, उतरताना सुटलेल्या गाडीला पकडण्यासाठी वर नेऊन सोडलेले कॅच सायडिंग. लोणावळ्याला बँकर सुटतात. या कामात स्मिथची कार्डं, एलिसनचं कथानक आणि आर्मस्ट्राँगची आखणी एकाच वेळी लागतात.

आकडेमोडही गमतीची आहे. कर्जत-लोणावळा हे अंतर साधारण २८ किलोमीटर. सत्त्याऐंशीनं भागलं तर ३२० मीटरच्या वर रूळ लागेल. कुणाच्या घरात एवढी जागा नाही, म्हणून निवड आली: कोणते बोगदे ठेवायचे, कोणती दरी गाळायची, मंकी हिलचं वळण राखायचं की नाही. खालच्या रुळावरून वरचा रूळ न्यायला साधारण १० सेंटिमीटर उंची हवी. १:३७ नं चढायचं तर त्यासाठी ३ मीटर ७० सेंटिमीटर रूळ. म्हणजे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही भिंतीच्या कडेकडेनं घाट चढवता येतो, फक्त लोणावळा दरवाजाच्या वाटेत येईल आणि तिथं फळी काढती ठेवावी लागेल.

हे सगळं लिहायला घाटात गाड्या चालवलेला एक निवृत्त लोको पायलट, रुळांची आखणी जाणणारा एक अभियंता आणि प्लास्टरमध्ये हात घालायला तयार असलेला एक संपादक एवढी माणसं पुरेत. तिघंही पुणे-कल्याणच्या दरम्यान सापडतील. पहिला हप्ता कर्जत यार्डाच्या मोजलेल्या नकाशापासून सुरू व्हावा, आणि दुसऱ्यात बँकर लोणावळ्याहून रिकामे परत कसे आणायचे ते यावं, कारण खेळताना सगळ्यात आधी गाडं तिथंच अडतं.